राजदूतचा घसा का बसला?

मुलांनो, दसरा-दिवाळीच्या सुमारास वडवणीच्या आसपासच्या वाड्या-तांड्यांवर काय घडतं, हे तिकडच्या मित्रांना सांगायला नको. मुकादमाची उचल घेतलेली असते, ट्रक-ट्रॅक्टर दारात येतात, भांडीकुंडी चढतात आणि हजारो कुटुंबं ऊसतोडीला निघतात. कुणी कोल्हापूर-सांगलीकडे, कुणी कर्नाटकात. घरी राहतात आजी-आजोबा, शाळेत जाणारी काही मुलं आणि छपरीत पोत्याखाली झाकलेली मोटारसायकल.

कारखान्यांचे पट्टे पडले की उन्हाळ्यात माणसं परत येतात. पोतं काढलं जातं. किक मारली जाते. एक, दोन, दहा, वीस! गाडी काही बोलत नाही. पाच-सहा महिन्यांच्या विश्रांतीनं नव्या गाडीचं हे होतं, तर गोठ्यात वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या आजोबांच्या राजदूतचं काय होत असेल? मग कुणीतरी म्हणतं, "द्या भंगारात." थांबा! भंगारवाल्याला हाक मारण्याआधी या गाडीचा घसा तपासू या. बहुतेक वेळा तोच बसलेला असतो. त्या घशाचं नाव कार्बोरेटर.

ही राजदूत कोण?

फरिदाबादच्या एस्कॉर्ट्स कंपनीनं १९६० नंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत राजदूत बनवायला घेतली. तिचा मूळ आराखडा पोलंड देशातल्या एसएचएल एम-११ या गाडीचा. साधं टू-स्ट्रोक इंजिन, दणकट सांगाडा. त्यामुळे खेड्यातल्या कच्च्या रस्त्यांवर ती चांगलीच रुळली. दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या लटकवलेली राजदूत तुमच्या आईबाबांना नक्की आठवत असेल. १९७३ च्या 'बॉबी' सिनेमात दिसलेली छोटी मोटारसायकलही राजदूतचीच. पुढे १९८३ मध्ये यामाहाच्या आराखड्यावरची राजदूत ३५० आली. तिला दोन सिलिंडर आणि दोन कार्बोरेटर, म्हणजे घसे दोन! आता राजदूत बनत नाही. पण जुन्या अजून घराघरांत उभ्या आहेत.

घसा करतो काय?

पेट्रोल नुसतं ओतून इंजिन चालत नाही. त्याचे बारीक तुषार हवेत मिसळावे लागतात. किती? साधारण १ ग्रॅम पेट्रोलला १५ ग्रॅम हवा. हे माप राखायचं काम कार्बोरेटरचं.

कसं, ते करून पाहा. पेलाभर पाण्यात एक स्ट्रॉ उभी धरा. तिचं वरचं टोक पाण्याच्या थोडं वर राहू द्या. दुसरी स्ट्रॉ आडवी धरून त्या टोकावरून जोरात फुंका. पाणी आपोआप वर चढेल आणि तुषार होऊन उडेल! (समोर आजोबांचा पेपर नाही ना, ते आधी बघा.) वेगानं वाहणाऱ्या हवेचा दाब कमी होतो. पेल्यातल्या पाण्यावर मात्र नेहमीचा दाब असतो, तो पाण्याला वर ढकलतो. दाब आणि वेग यांचं हे नातं डॅनिएल बर्नोली यांनी १७३८ च्या आपल्या ग्रंथात मांडलं. नळी मध्येच अरुंद केली की तिथं वेग वाढतो आणि दाब घटतो, हे इटलीच्या व्हेन्चुरी यांनी १७९७ मध्ये दाखवलं. आणि याच युक्तीवर चालणारा तुषाराचा कार्बोरेटर १८९३ मध्ये जर्मनीत मायबाख यांनी आणि हंगेरीत बांकी व चोन्का या जोडीनं तयार केला.

तुमच्या प्रयोगातला पेला म्हणजे कार्बोरेटरची खालची वाटी. वाटीत एक तरंगता फ्लोट असतो. पेट्रोल पुरेसं भरलं की तो वर येतो आणि सुईनं वाट बंद करतो. घरावरच्या टाकीतल्या बॉलकॉकसारखंच! स्ट्रॉच्या जागी असतात पितळी जेट. मुख्य जेटचं भोक साधारण एक मिलिमीटरचं. गाडी जागेवर हळू चालावी म्हणून असलेल्या पायलट जेटचं भोक तर शिवणाच्या बारीक सुईएवढंच.

डिंक कुठून आला?

उसाचा रस काहिलीत आटवला की काकवी होते, पातळ भाग वाफ होऊन जातो आणि घट्ट उरतो. वाटीतल्या पेट्रोलचंही आधी असंच होतं. हलके भाग उडून जातात, जड उरतात. पण गोष्ट तिथं संपत नाही. स्वयंपाकघरातली तेलाची बरणी पाहा. झाकणाजवळ ओघळलेलं तेल काही महिन्यांनी चिकट होतं, बोटाला ओढ देतं. हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन तेलाचे छोटे रेणू एकमेकांना जोडले जातात. पेट्रोलमधल्या काही घटकांचं असंच होऊन पिवळट-तपकिरी डिंक तयार होतो. राजदूतमध्ये तर पेट्रोलमध्येच ऑइल मिसळलेलं. पेट्रोल उडालं, ऑइल उरलं, म्हणजे चिकटपणाला आणखी साथ!

आता एक गमतीची गोष्ट. वडवणीच्या माणसांनी तोडलेला ऊस कारखान्यात जातो. त्याच्या रसापासून आणि मळीपासून साखरेबरोबर इथेनॉलही बनतं. मका आणि तांदूळ यांपासूनही ते बनवतात. भारतात २०२२ मध्ये पेट्रोलमध्ये १० टक्के इथेनॉल मिसळण्याचं उद्दिष्ट गाठलं गेलं आणि २०२५ मध्ये २० टक्क्यांचं. म्हणजे बाबांनी तोडलेल्या उसाचा अंश त्यांच्याच गाडीच्या टाकीत येत असेल! पण इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं. पाणी वाढलं की ते तळाशी बसतं, धातूवर पांढरी भुकटी धरते. जुन्या गाड्यांचे रबरी भागही या मिश्रणासाठी बनवलेले नव्हते, ते फुगतात किंवा चिरतात. म्हणून बंद ठेवलेल्या गाडीची काळजी आता जास्तच घ्यायला हवी.

थोडंसं गणित, मोठा धोका

समजा, १ मिलिमीटरच्या जेटला आतून सगळीकडे ०.१ मिलिमीटर डिंक बसला. भोक उरलं ०.८ मिलिमीटर. ०.८ गुणिले ०.८ म्हणजे ०.६४. म्हणजे वाट एक तृतीयांशाहून जास्त बंद! डोळ्याला भोक उघडंच दिसतं, गाडीही कदाचित चालू होते. मग "झालं काम" म्हणून बाबा आईला मागं बसवून बीड-परळी रस्त्याला लागतात. टू-स्ट्रोक इंजिनाला वंगण मिळतं ते पेट्रोलमधल्या ऑइलातूनच. पेट्रोल कमी म्हणजे ऑइलही कमी. इंजिन तापतं, पिस्टन सिलिंडरमध्ये आवळतो आणि भर वेगात मागचं चाक जाम होतं. पुढं काय होईल, ते सांगायला नको. म्हणून चालू होईपुरती सफाई करून भागत नाही, पूर्ण सफाई हवी.

आता कामाला लागू

हे काम एकट्यानं मुळीच करायचं नाही. मेकॅनिककाका किंवा घरातलं जाणतं मोठं माणूस हवंच. तुम्ही मदतनीस. पेट्रोलची वाफ शून्याखाली ४० अंशांच्या आसपासच्या थंडीतही पेट घेऊ शकते. ती हवेपेक्षा जड असल्यानं जमिनीलगत लांबवर पसरते. म्हणून काम उघड्यावर, चूल-विडी-दिव्यापासून लांब. डोळ्यांना चष्मा, हाताला पेट्रोल चालेल असे मोजे. आणि नळीला तोंड लावून पेट्रोल ओढायचं नाही म्हणजे नाही!

आधी टाकीखालचा पेट्रोल कॉक बंद. कार्बोरेटर काढला की तो पसरट ताटात उघडायचा. इथं तुमचं पहिलं काम: वहीत चित्र काढा. कुठला भाग कुठून निघाला, सुईची क्लिप कितव्या खाचेत होती, स्लाइडची कापलेली बाजू कुठे होती, सगळं लिहा. हवेचा स्क्रू काढण्याआधी हलकेच आत फिरवायचा, तो टेकेपर्यंत किती आटे बसतात ते मोजायचं. "दीड आटा" एवढी नोंद नंतर तासभराचं काम वाचवते.

रबरी रिंगा आणि वॉशर बाजूला काढले की धातूचे भाग कार्बोरेटर क्लीनरमध्ये भिजू द्यायचे. घाई नको. डिंक जुना असेल तर रात्रभरही लागते. मग मऊ ब्रश, आणि पंक्चरवाल्याकडच्या हवेचा झोत प्रत्येक भोकातून. जेट उजेडाकडे धरून पाहा. गोल, स्वच्छ उजेड दिसला पाहिजे. कडेला तपकिरी झालर दिसली तर पुन्हा भिजवा.

आणि हो, भोकात पिन किंवा क्लचच्या केबलची तार घालायची नाही. पितळ मऊ, पोलाद कठीण. भोक जरासं ओरखडलं तरी माप बिघडतं आणि गाडी कायमची जास्त पेट्रोल पिऊ लागते. अगदीच अडलं तर वायरीतल्या तांब्याचा एक बारीक केस वापरतात, तोही हलक्या हातानं.

फ्लोट पितळी असेल तर तो कानाशी हलवा. आत पेट्रोल खळखळलं तर त्याला भोक आहे. पूर्ण वाळवून कोमट पाण्यात बुडवला की बुडबुडे चोराची जागा दाखवतात. सुईच्या टोकावर गोल वळ उमटला असेल तर ती बदलायची, नाहीतर पेट्रोल ठिबकत राहील. शेवटी टाकी पाहा. आत गंज असेल आणि ती साफ केली नाही, तर आठवड्यात सगळा कचरा पुन्हा जेटमध्ये!

आवाजावरून रोगही ओळखता येतो. गाडी चालू होते पण जागेवर थांबत नाही? पायलट जेट. हळू चालते पण वेग दिला की गुदमरते? मुख्य जेट. खालून ठिबकते? फ्लोट किंवा त्याची सुई.

आईबाबांसाठी दोन शब्द

ऊसतोडीला निघण्याआधी कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा आणि वाटीच्या तळाचा स्क्रू काढून उरलेलं पेट्रोल काढून टाका. दहा मिनिटांच्या या कामानं उन्हाळ्यातला खर्च वाचतो. टाकी अर्धवट रिकामी राहिली तर दमट हवेनं गंज धरतो, हेही लक्षात असू द्या. काढलेलं जुनं पेट्रोल नाल्यात किंवा विहिरीजवळ ओतू नका.

जुनी गाडी रस्त्यावर आणण्याआधी कागद बघा. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी संपते आणि पुढे दर ५ वर्षांनी नवी करावी लागते. पहिल्या नोंदणीला ५० वर्षांहून जास्त झालेली आणि मूळ रूपात जपलेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवण्याची सोय २०२१ च्या नियमांनी झाली आहे. आणि १८ वर्षांखालच्या मुलांच्या हाती किल्ली देऊ नका. २०१९ च्या कायद्यानं त्याची शिक्षा पालकांनाही होते.

मुलांनो, १ एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचे नवे नियम आले आणि बहुतेक नव्या गाड्यांत कार्बोरेटरच्या जागी फ्युएल इंजेक्शन आलं. मग हे जुनं शिकायचं कशाला? कारण कार्बोरेटरच्या असंख्य गाड्या अजून रस्त्यावर आहेत आणि त्यांच्यावर कुणाचं दूध, कुणाचा भाजीपाला, कुणाच्या आजीचा दवाखाना अवलंबून आहे. आणि उघडून, बघून, मोजून, लिहून ठेवायची सवय कुठल्याही यंत्राला चालते.

तर या आठवड्याचा प्रश्न: मुख्य जेटचं भोक १ मिलिमीटरऐवजी १.१ मिलिमीटर झालं, तर वाट किती टक्क्यांनी मोठी होईल? वहीत करून बघा. म्हणजे पिन का घालायची नाही, ते आकडाच सांगेल!