ऊसतोडीच्या मुलांची झोंप

म्हातारपणीं झोंप लागत नाहीं, म्हणून आपण वयाला दोष देतों. परंतु ज्यांचें बाल्य दारिद्र्यांत वा गृहकलहांत गेलें, त्यांच्यांत प्रौढपणीं निद्रेची तक्रार अधिक आढळते, असें अनेक देशांतील पाहणींवरून दिसून आलें आहे. दारिद्र्य हेंच एकमेव कारण, असें मात्र कोणीं समजूं नये.

आपल्या उसाच्या फडाकडे पाहावें. बीडकडील जोडपीं दिवाळीच्या सुमारास मुलांसह येतात व पांच-सहा महिने कोप्यांत राहतात. आई पहांटेपूर्वीं चुलीशीं बसते. रात्रीं गाडी आली कीं बाप मोळ्या भरावयास उठतो, आणि धाकट्यास सांभाळणारी आठ वर्षांची मुलगीही जागी होते. या वयास ९ ते १२ तास झोंप हवी, असें तज्ज्ञ सांगतात. आपल्या नातवंडांस ती बिनबोभाट मिळते.

कोप्या आपल्या रानांत पडल्या, तर त्यांस रस्त्यापासून दूरची जागा द्यावी. रात्रीं भरणी नको, असा आग्रह कारखान्याच्या सभेंत सभासदांनींच धरावा. मुकादमावर ढकलूं नये. तोडलेला ऊस पडून राहिल्यास वजन घटतें, हें मी जाणून आहें. तेवढें सोसावें. हंगामी वसतिगृहें आहेत खरीं; पण तान्हीं मुलें आईवांचून तेथें कशीं राहावींत?