घरचा कॉम्प्युटर : पेचकस आपल्या हाती की दुकानदाराच्या?

14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा नेहमीचा मोफत सपोर्ट बंद झाला आणि घरोघरचे जुने कॉम्प्युटर चर्चेत आले. ‘दुकानात टाकून या, सगळं नवीन करून देतील,’ असं कुणीही सांगतं. मौद्याहून नागपूरची सीताबर्डी काही लांब नाही. पण माझं मत स्पष्ट आहे : रॅम आणि एसएसडी तरी घरीच बसवा.

मजुरी वाचते म्हणून म्हणत नाही. आपल्या घरच्या हार्ड डिस्कमध्ये काय असतं ते आठवा. वर्गातल्या मुलांचे आधार क्रमांक, जन्मतारखा, पालकांचे मोबाईल नंबर, शिष्यवृत्तीसाठी काढलेले पासबुकाचे फोटो. पालकांनी ते सगळं विश्वासाने आपल्याला दिलं. ती डिस्क दोन दिवस कुणाच्या टेबलावर उघडी पडून राहते, हा विचार आपण करतो का? दुकानदार वाईट असतो असं मुळीच नाही, पण जबाबदारी आपली आहे ना!

आता काम किती अवघड आहे ते बघा. डेस्कटॉपचं बाजूचं झाकण दोन स्क्रूंवर असतं. वायर काढायची, पॉवर बटण थोडं दाबून धरायचं, कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला हात लावायचा, म्हणजे अंगातली स्थिर वीज निघून जाते. रॅमला खाच असते. डीडीआर-3 ची पट्टी डीडीआर-4 च्या जागी बसतच नाही. म्हणून विकत घेण्याआधी जुनी पट्टी काढून तिच्यावरचं लेबल वाचा. आणि एक, विंडोज 32-बिट असेल तर 4 जीबीच्या वर रॅम टाकून उपयोग नाही, आधी 64-बिट करावं लागतं.

खरा फरक मात्र एसएसडीने पडतो. टास्क मॅनेजरमध्ये डिस्क सतत 100 टक्के दिसत असेल, तर दोष बहुतेक वेळा जुन्या फिरत्या डिस्कचा असतो. दोन केबल असतात, एक डेटाची, एक विजेची. त्यावर विंडोज नव्याने टाकलं तरी लायसन्सची चिंता नको; विंडोज 10 चं डिजिटल लायसन्स मदरबोर्डशी जोडलेलं असतं. आणि जुनी डिस्क? ती आपल्याच कपाटात राहते. पण काही उघडण्याआधी सगळ्या फाईलींची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्या. हे झाल्याशिवाय पेचकस हातात धरूच नका.

एक खरं सांगतो, एसएसडी टाकली म्हणून विंडोज 11 चालेलच असं नाही. त्याला टीपीएम 2.0 लागतं आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा. ‘आम्ही चालवून देतो’ असं कुणी म्हटलं तर पुढचे अपडेट मिळतील का ते विचारा. केरळच्या सरकारी शाळा कित्येक वर्षं लिनक्सवर चालतात, तोही रस्ता आहे. फक्त आपल्या जुन्या प्रश्नपत्रिका युनिकोडमध्ये नसतील तर तिथे फॉन्टची कटकट होईल.

मग कारागिराकडे कधी जायचं? पॉवर सप्लाय बिघडला तर नक्की. वायर काढल्यावरही त्याच्या कपॅसिटरमध्ये वीज साठलेली असते, तो डबा घरी उघडायचा नाही म्हणजे नाही. मदरबोर्ड जळला, लॅपटॉपची बॅटरी फुगली, डिस्क टकटक आवाज करायला लागली, तर लगेच बंद करा आणि जाणकाराला दाखवा. वॉरंटी असेल तर कंपनीचंच सेंटर बरं. अशा वेळी कारागिराची मजुरी घासाघीस न करता द्यावी, ती त्याच्या वर्षानुवर्षांच्या हाताची असते.

फक्त पॉवर सप्लाय किंवा मदरबोर्डसाठी मशीन नेत असाल, तर निघण्याआधी त्याच दोन केबल काढा आणि डिस्क घरी ठेवून जा. बहुतेक चाचण्या तिच्याशिवाय होतात. दुकानदाराने विचारलं तर सरळ सांगा, ‘भाऊ, त्यात मुलांची माहिती आहे.’