डिस्चार्जनंतरच्या गोळ्या कोण समजावणार?

वैद्यकीय सुविधांचा विषय निघाला की आपण खाटा, रेफरल आणि बिलांची प्रतिपूर्ती यांवर भांडतो. ते रास्तच आहे. पण रुग्णालयातून घरी आलेल्या कामगाराने औषधे नेमकी कशी घ्यायची, हा प्रश्न मात्र कोणाच्याच अजेंड्यावर नसतो.

डिस्चार्ज कार्ड बहुधा इंग्रजीत असते. औषधापुढे १-०-१ असे आकडे, म्हणजे सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. जनरल ड्यूटीवाल्याला हे जमेल. पण रात्रभर गाडी चालवून सकाळी रनिंग रूममध्ये झोपणाऱ्या लोको पायलटची ‘सकाळ’ कोणती? रात्रपाळीत टपालाची वर्गवारी करणाऱ्या आर.एम.एस. सॉर्टरची ‘रात्र’ कोणती? इन्सुलिन घेतले आणि जेवण हुकले, तर रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. सर्दीच्या काही गोळ्यांनी झोप येते. ज्याला सिग्नल पाहायचा आहे, त्याच्या बाबतीत हा प्रवाशांच्या सुरक्षिततेचाही प्रश्न आहे.

दुसरा घोटाळा नावांचा. दवाखान्यातून जेनेरिक नावाची गोळी मिळते, बाहेरच्या दुकानातून तीच कंपनीच्या नावाने येते. दोन वेगळी औषधे समजून दोन्ही घेतली जातात. उलट, बरे वाटले की गोळ्या बंद. स्टेंट बसवलेल्याने रक्त गोठू न देणारी गोळी आपल्या मनाने थांबवली, तर स्टेंटमध्ये गुठळी होऊन पुन्हा झटका येऊ शकतो. क्षयरोगाचा उपचार अर्धवट सोडला, तर जंतू औषधाला दाद देईनासे होतात.

सारा दोष रुग्णाच्या माथी मारणे सोपे आहे. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या २००३ च्या अहवालानुसार विकसित देशांतही दीर्घ आजाराचे सुमारे निम्मेच रुग्ण औषधे सांगितल्याप्रमाणे घेतात. तेव्हा हा अडाणीपणाचा नव्हे, व्यवस्थेचा प्रश्न आहे. भारतात २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्समध्ये फार्मासिस्टने रुग्णाला औषधाची माहिती समजावून सांगण्याची तरतूद आहे. खिडकीपुढच्या रांगेत ती पाळली जाते का, हे प्रत्येकाने आठवून पाहावे.

म्हणून प्रशासनाकडे आपल्या मागण्या अशा असाव्यात :

१) औषधांचे वेळापत्रक रुग्णाच्या भाषेत आणि त्याच्या ड्यूटीच्या वेळा विचारून द्यावे.

२) जुन्यांपैकी कोणती औषधे बंद, कोणती चालू, हे स्पष्ट लिहावे.

३) डिस्चार्जपूर्वी फार्मासिस्टने रुग्ण व घरच्यांना समजावून, त्यांच्याकडून ते परत वदवून घ्यावे.

४) पुढील तपासणीपर्यंत पुरतील इतकी औषधे हाती द्यावीत. ‘स्टॉक नाही’ म्हणून डोस चुकता कामा नये.

शाखांनीही हातावर हात ठेवून बसू नये. आजारी सहकाऱ्याला भेटायला जाताना फळांबरोबर पाच मिनिटे त्याच्या गोळ्यांसाठी द्या. सर्व पाकिटे समोर मांडा, कार्डाशी ताडून पाहा. शंका आली, तर स्वतः सल्ला न देता त्याला डॉक्टरांकडे वा फार्मासिस्टकडे न्या. प्रतिपूर्तीच्या प्रत्येक रुपयासाठी आपण लढतो. त्याच रुपयांची औषधे वाया जाऊ नयेत, माणूस पुन्हा खाटेवर येऊ नये, यासाठीही लढले पाहिजे.