गोष्ट चिमुकली, चित्रपट अवाढव्य

ह्यू लॉफ्टिंग हा इंग्रज लेखक पहिल्या महायुद्धात आघाडीवर असताना घरी आपल्या मुलांना सचित्र पत्रे धाडीत असे. रणांगणावरील भीषण हकिकती कोवळ्या मनांना कशा सांगाव्यात, म्हणून त्याने प्राण्यांची भाषा जाणणारा एक प्रेमळ डॉक्टर कल्पिला. त्या पत्रांतूनच १९२० साली 'डॉक्टर डूलिटल'चे पहिले पुस्तक जन्मास आले.

या चिमुकल्या गोष्टीचे हॉलिवुडने पुढे काय केले, ते पाहण्यासारखे आहे. १९६५ साली 'साउंड ऑफ म्युझिक' या संगीतप्रधान चित्रपटाने त्याच्या निर्मात्यांना अमाप द्रव्य मिळवून दिले. तेच यश पुन्हा लाभावे म्हणून त्याच संस्थेने १९६७ साली 'डॉक्टर डूलिटल' पडद्यावर आणला. खर्च सुमारे एक कोटी सत्तर लाख डॉलर झाला. लांबी अडीच तासांवर गेली. त्यातील एका गीतास आणि दृश्यचमत्कृतीस ऑस्कर पारितोषिके मिळाली. परंतु घातलेला पैसा तिकीटविक्रीतून वसूल झाला नाही. कौशल्य होते, संपत्ती होती. मग उणे काय पडले?

त्या काळी अशा चित्रपटांचा थाट मोठा असे. राखीव आसने, चढे दर, प्रारंभी वाद्यवृंद आणि मध्ये मध्यंतर! लांबी हेच प्रतिष्ठेचे लक्षण ठरले, आणि कथेत दम असो वा नसो, ती ताणणे क्रमप्राप्त झाले.

कोणी म्हणेल, 'साउंड ऑफ म्युझिक' तरी कोठे आखूड आहे? तोही जवळजवळ तीन तासांचा आहे. आक्षेप रास्त आहे. पण उत्तरही त्यातच आहे. त्यातील शिक्षिका मुलांना स्वर शिकवते, तेव्हा त्या गीताबरोबर तिच्यातील आणि मुलांतील दुरावा वितळत जातो. ते गीत वगळा, कथा अडेल. 'डूलिटल'मधील पुष्कळ गीते मात्र वगळली तरी कथेला ओरखडाही उठत नाही. नायक गात राहतो आणि कथा बापडी ओसरीवर तिष्ठत बसते! उलट १९३९ सालचा 'विझर्ड ऑफ ऑझ' पावणेदोन तासांच्या आतच मुलांना अद्भुत नगरी दाखवून सुखरूप घरी आणतो.

हा दोष परक्यांचाच आहे असे मात्र नव्हे. आपली संगीत नाटके 'वन्स मोअर'च्या गजरात रात्र रात्र चालत. ते गायन अवीट गोडीचे होते, यात संशय नाही. परंतु गायनापुढे नाट्य झाकोळू लागले, तेव्हा १९३३ साली नाट्यमन्वंतर संस्थेने 'आंधळ्यांची शाळा' हे मोजक्या पदांचे, आटोपशीर नाटक रंगभूमीवर आणून निराळी वाट दाखवली.

मुलांसाठी म्हणून काढलेल्या कलाकृतीत पाल्हाळ अधिकच अक्षम्य होय. मोठा माणूस कंटाळला तर उठून जातो. मूल मात्र वडिलांचे बोट धरून आलेले असते. ते चुळबुळ करू लागले की आपण त्यालाच दटावतो. दोष बहुधा पडद्यावर असतो!

विद्यार्थी मित्रहो, स्नेहसंमेलनाची तयारी करताना प्रत्येक गाण्याविषयी एवढेच विचारा : हे नसते तर गोष्टीचे काय बिघडले असते? 'काहीच नाही' असे उत्तर आले, तर गाणे कितीही आवडते असो, ते निर्धाराने बाजूस ठेवा.