दारी आलेले वैद्यक

वैद्यकाच्या प्रगतीची गोष्ट निघाली की मोठमोठ्या शहरांतील रुग्णालये डोळ्यांपुढे उभी राहतात. हृदयावर शस्त्रक्रिया करणारे शल्यविशारद, शरीराचा अंतर्भाग पडद्यावर दाखविणारी यंत्रे, अतिदक्षता विभागातील साधने, या साऱ्यांचे कौतुक करावे तेवढे थोडेच. परंतु औषध शोधून काढणे ही अर्धीच वाट होय. ते रोग्याच्या उशाशी वेळेवर पोचविणे ही उरलेली अर्धी वाट, आणि बहुधा तीच अधिक बिकट. ती कशी चालता येते, हे महाराष्ट्राच्या पूर्व टोकाच्या गडचिरोली जिल्ह्यात दिसून आले.

डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग या दांपत्याने १९८६ साली तेथे ‘सर्च’ ही संस्था स्थापन केली. १९९५-९६ मध्ये संस्थेने खेड्यांतील ७६३ नवजात अर्भकांची घरोघर जाऊन पाहणी केली. त्यांतील निम्म्याहून अधिक अर्भकांना वैद्यकीय मदतीची गरज होती. ती मिळाली मात्र शंभरांतील तिघांनाही नाही! याचे कारण केवळ दारिद्र्य नव्हते. बाळंतिणीने घराबाहेर पडू नये ही रूढी होती. पावसाळ्यात नदीनाले वाट अडवीत. शिवाय अर्भकाचे दुखणे मोठ्या माणसाच्या दुखण्यासारखे बोलके नसते. ते दूध ओढीनासे होते, त्याचे रडणे क्षीण होते, अंग गार पडते, आणि एखाद्या दिवसात सारे आटोपते. पुष्कळदा अशा जिवाचे नावही ठेवलेले नसे. मग सरकारी दप्तरात तरी त्याची नोंद कोठून असणार? बालमृत्यूंची खरी संख्या दप्तरातील संख्येहून किती अधिक आहे, हे २००१ सालच्या ‘कोवळी पानगळ’ या अहवालाने पुढे उघड केले.

डॉक्टर खेड्यात येत नाही आणि अर्भक रुग्णालयात जात नाही, अशी ही कोंडी होती. ती फोडण्यासाठी ३९ गावांत गावातीलच थोड्याफार शिकलेल्या स्त्रिया निवडून त्यांना शिक्षण देण्यात आले. त्यांना ‘आरोग्यदूत’ हे नाव मिळाले. बाळाचे वजन करणे, ताप मोजणे, त्याला उबदार पिशवीत ठेवणे, जन्मतः श्वास न घेणाऱ्या बाळाला श्वास देणे, मिनिटाला श्वास किती पडतात हे घड्याळ लावून मोजणे, ही कामे त्या शिकल्या. आणि जंतुदोषाची चिन्हे दिसताच, आईबापांच्या संमतीने, जेंटामायसीनचे इंजेक्शनही त्या देऊ लागल्या.

येथेच अनेकांच्या भुवया उंचावल्या. वर्षानुवर्षे अध्ययन केलेल्या डॉक्टराची सुई गावातल्या बाईच्या हाती? आक्षेप उपेक्षणीय नव्हता. चुकीच्या हातातील सुई घातकच असते. परंतु आक्षेप घेणाराने दुसरी बाजूही पाहावयास हवी होती. त्या घरी आरोग्यदूत की डॉक्टर, असा प्रश्नच नव्हता. आरोग्यदूत की कोणीच नाही, असा तो होता. उत्तर अखेर आकड्यांनी दिले. जंतुदोष झालेल्या शंभर अर्भकांमागे पूर्वी सुमारे सतरा दगावत. उपचार सुरू झाल्यावर तीनही दगावेनात. तुलनेसाठी घेतलेल्या ४७ गावांच्या मानाने, तिसऱ्या वर्षी या गावांतील नवजात-मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी उतरले. १९९९ साली ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि २०११ साली भारत सरकारने गृहाधारित नवजात सेवेचा कार्यक्रम देशभर लागू केला. ते काम ‘आशा’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गावोगावच्या स्त्रियांकडे आले.

आता प्रसूती बहुतांशी रुग्णालयांत होतात. तेव्हा घरी जाण्याचे प्रयोजन काय, असेही कोणी विचारील. पण माता दोन-तीन दिवसांत घरी परतते, आणि बाळाचा धोक्याचा काळ २८ दिवसांचा असतो. म्हणूनच आशा तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी त्या घरी जाते. उंबरठ्याशी हात धुऊन बाळाला जवळ घेणाऱ्या त्या बाईचे ज्ञान मोजके असेल. पण सातव्या दिवशी ती तेथे असते, आणि त्या दिवशी तेथे दुसरे कोणीही नसते.

देशात अशा स्त्रिया सुमारे दहा लक्ष आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली त्यांचा गौरव केला, हे योग्यच झाले. मात्र सरकारी व्याख्येप्रमाणे त्या ‘स्वयंसेविका’ आहेत. त्यांना नियमित वेतन नाही. कामागणिक मोबदला मिळतो. एका बाळाच्या या सर्व भेटी पूर्ण केल्याबद्दल २०११ च्या कार्यक्रमात २५० रुपये ठरविण्यात आले. गावच्या प्रत्येक बाळासाठी ऊनपाऊस न पाहता घराघरांत जाणाऱ्या स्त्रीला नोकरदार न म्हणता स्वयंसेविका म्हणणे, हा शब्दांचा खेळ झाला. तिच्या हाती वजनकाटा देताना शास्त्राने तिच्यावर विश्वास टाकला. तिच्या नावापुढे वेतनाचा आकडा मांडताना शासनाचा हात अद्याप अडखळतो आहे. आपल्या मागण्यांसाठी या स्त्रिया महाराष्ट्रात वारंवार रस्त्यावर येतात; आणि त्या मोर्चात बसतात तेव्हा गावात कोणाच्या तरी बाळाचा सातवा दिवस असतो.