अर्ध्या तासाचा हिशेब

घरातील मुलगा, मुलगी किंवा सून नोकरीनिमित्त बंगळूरला राहते, अशी कुटुंबे आता महाराष्ट्रात गावोगावी आढळतात. पूर्वी अशा घरी पत्रे येत, हल्ली दूरध्वनीवर बोलणे होते. परंतु पगार आणि हवा यांची चौकशी झाली की पुढचा विषय ठरलेला असतो, तो कामावर जाण्यायेण्याचा. ‘गर्दी फार असते’ असे तिकडून सांगितले जाते, ‘सांभाळून जा’ असे इकडून सांगितले जाते, आणि विषय तेथेच संपतो. वस्तुतः तो तेथे सुरू व्हावयास हवा. ही गर्दी कशी होते आणि घराने एकत्र बसून तिचा विचार केल्यास काय साधते, हे या वेळी पाहू. उदाहरणासाठी बंगळूरच्या पूर्वेकडील महादेवपुरा हा भाग घेऊ. आपल्यापैकी अनेकांची मुले तेथेच आहेत.

२००७ पर्यंत महादेवपुऱ्याची स्वतंत्र नगरपालिका होती. त्या वर्षी ती बृहत् बंगळूर महानगरपालिकेत विलीन झाली; पुढे २०२५ मध्ये शहराच्या पाच महापालिका करण्यात आल्या, तेव्हा हा भाग पूर्व महापालिकेकडे आला. शेजारीच, कृष्णराजपुरम् भागात, १९४८ साली इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीजचा कारखाना निघाला होता. त्या पिढीतील सरकारी कारखाने कामगारांसाठी वसाहत बांधीत आणि त्यांना आणण्यापोचविण्यास स्वतःच्या बसगाड्याही ठेवीत. १९९० नंतर व्हाइटफील्ड येथे तंत्रज्ञान उद्यान उभे राहिले, पाठोपाठ बाह्य वर्तुळमार्गाच्या दोन्ही बाजूंना कचेऱ्यांची रांग लागली. वस्तीही झपाट्याने वाढली. परंतु कारखान्याच्या वसाहतीत एका घरातील एकच माणूस भोंग्याबरोबर बाहेर पडे. आज एका घरातून दोघे बाहेर पडतात, आणि एकाची कचेरी जवळ पडावी म्हणून घर घेतले की दुसऱ्याची हटकून शहराच्या दुसऱ्या टोकाला निघते. अशा घराने कोठेही बिऱ्हाड केले तरी कोणा एकाला गर्दी चुकत नाही.

बंगळूरची मेट्रो २० ऑक्टोबर २०११ रोजी बय्यप्पनहळ्ळी ते महात्मा गांधी रस्ता एवढ्या अंतरावर धावू लागली. महादेवपुऱ्यात पोचण्यास तिला आणखी अकरा वर्षांहून अधिक काळ लागला. २५ मार्च २०२३ रोजी व्हाइटफील्ड ते कृष्णराजपुरम् या १३.७१ किलोमीटर मार्गाचे उद्घाटन झाले. मात्र कृष्णराजपुरम् आणि बय्यप्पनहळ्ळी यांमधील सुमारे दोन किलोमीटरचा तुकडा अपुरा होता. तो जोडला गेला ९ ऑक्टोबर २०२३ रोजी. मधले साडेसहा महिने उतारूंनी एका गाडीतून उतरावे, बसमध्ये शिरावे आणि पुन्हा दुसरी गाडी पकडावी, असा क्रम चालला. चाळीस किलोमीटरांच्या सोयीला दोन किलोमीटर कसे अडवून धरतात, हे त्या दिवसांत ज्यांनी पाहिले ते विसरणार नाहीत. आता सिंगय्यनपाळ्याच्या स्थानकावर चढलेला माणूस गाडी न बदलता मॅजेस्टिकला उतरतो. गांधीनगरातील महाराष्ट्र मंडळात कार्यक्रमाला जाणाऱ्या मंडळींना ही केवढी सोय झाली! परंतु सोय झाली म्हणजे माणसे आली. जी पूर्वी बसगाड्यांत आणि स्वतःच्या वाहनांवर विखुरलेली होती ती सहा डब्यांच्या एका गाडीत एकत्र आली.

बाह्य वर्तुळमार्गावरील मेट्रोचे काम २०२१ साली हाती घेण्यात आले. त्या रस्त्यावर २०१९ मध्ये बसगाड्यांसाठी वेगळी मार्गिका राखून पाहण्यात आली होती. ती टिकली असती तर फार बरे झाले असते, असे आम्हांस वाटते. साठ माणसांच्या बसला एकट्या माणसाच्या मोटारीमागे तिष्ठत ठेवणे हा काही न्याय नव्हे.

आता बसच्या गर्दीविषयी थोडे सविस्तर सांगतो, कारण तिच्याबद्दल गैरसमज फार आहेत. ‘वीस मिनिटे एक गाडी नाही, आणि मग दोन एकदम’ ही तक्रार टिन फॅक्टरीच्या थांब्यावर ऐकू येते तशीच ती मुंबईत आणि पुण्यातही ऐकू येते. यात चालकाचा दोष क्वचितच असतो. समजा, एका मार्गावर दर दहा मिनिटांनी गाडी सुटते. त्यांतील एक सिग्नलपाशी थोडी अडली. तेवढ्या वेळात पुढील थांब्यावर चार माणसे अधिक जमली. त्यांना चढण्यास वेळ लागला, म्हणून तिच्या पुढच्या थांब्यावर आठ अधिक जमली. गाडी भरत जाते आणि रेंगाळत जाते. तिच्या मागील गाडीला मात्र उचलण्यास माणसेच उरत नाहीत, त्यामुळे ती मोकळी, भरभर येते आणि पहिलीला गाठते. दहा-दहा मिनिटांच्या जागी अठरा आणि दोन मिनिटांचे अंतर पडते. वीस मिनिटांत दोन गाड्या आल्याच, वेळापत्रक कागदावर पाळले गेले. परंतु थांब्यावर येणाऱ्या दर दहा माणसांपैकी नऊ त्या अठरा मिनिटांच्या पोकळीत आलेली असतात, आणि ती सारी पहिल्याच गाडीत शिरतात. सरासरी वाट पाहणे पाच मिनिटांवरून आठ मिनिटांच्या वर जाते. दोन गाड्यांची सरासरी काढणाऱ्या अधिकाऱ्याला गर्दी बेताची दिसते, उतारूला गाडी नेहमी भरलेलीच भेटते, आणि दोघेही खरेच बोलत असतात.

यावरून एक साधी गोष्ट ध्यानी येईल. बराच वेळ वाट पाहिल्यावर आलेली गच्च गाडी सोडून देण्याचे धैर्य ज्याच्या अंगी असेल, त्याला पाठोपाठ येणाऱ्या गाडीत पुष्कळदा उभे राहण्यास ऐसपैस जागा मिळते. गाडी कोठवर आली आहे हे बंगळूरच्या बस महामंडळाच्या ‘नम्म बीएमटीसी’ या मोबाइलवरील ॲपमध्ये पाहता येते. त्यामुळे हे धैर्य आंधळे राहिलेले नाही. लहान मूल किंवा वृद्ध बरोबर असतील तर दारात लोंबकळून जाण्याचा विचारही मनात आणू नये. आणि खरे म्हणजे धडधाकट माणसानेही आणू नये. ९ जून २०२५ रोजी मुंबईजवळ मुंब्रा येथे गर्दीच्या लोकलगाड्यांतून प्रवासी रुळांवर पडले आणि त्यांतील काहींचे प्राण गेले. तेही रोजच्यासारखेच कामावर निघाले होते.

डब्यातील शिस्तीची उजळणी आपणांस नको असेल. पाठीवरची पिशवी पुढे घ्यावी, जिन्यासमोरचा डबा टाळून चार पावले पुढे चालावे, एवढे पुरे. नवख्या मराठी माणसाला त्याहून अधिक उपयोगी पडतात ती कानडीतील चार वाक्ये. ‘स्वल्प जागा बिडी’ म्हणजे थोडी जागा द्या. ‘इळीबेकु’ म्हणजे उतरायचे आहे. ‘मुंदे होगी’ म्हणजे पुढे चला, आणि हे आपण म्हणण्याआधी वाहकच आपल्याला म्हणेल. सुट्या पैशांना ‘चिल्लरे’ म्हणतात, ते शिकवावे लागणारच नाही. हिंदीत किंवा इंग्रजीत ओरडून जी वाट मिळत नाही, ती या मोडक्या कानडीने हसतहसत मिळते. आणखी एक व्यावहारिक सूचना सूनबाईंसाठी. कर्नाटकात ११ जून २०२३ पासून ‘शक्ती’ योजनेखाली साध्या बसगाड्यांत महिलांना विनामूल्य प्रवासाची मुभा देण्यात आली. ती राज्यातील रहिवाशांसाठी आहे. ओळखपत्रावर अजून साताऱ्याचा अथवा सोलापूरचा पत्ता असेल तर तो वेळीच बदलून घ्यावा.

हे सर्व केल्यावरही गर्दी राहतेच, आणि मग सर्वांत सोपा म्हणून जो सल्ला दिला जातो तो असा, की घरातून अर्धा तास लवकर निघा. सल्ला चुकीचा नाही. गर्दी दिवसभर नसते. ती सकाळी व सायंकाळी ठरावीक वेळीच उसळते, आणि तिच्या अगोदर निघालेल्या माणसाचा प्रवास खरोखरच सुसह्य होतो. परंतु तो अर्धा तास घरात कोठून आणावयाचा, हे सल्ला देणारा सांगत नाही.

एक घर कल्पनेने डोळ्यांपुढे आणा. पती-पत्नी दोघे नोकरी करणारे, सात वर्षांचे मूल, आणि थोड्या दिवसांसाठी गावाहून आलेल्या आजी. मुलाची शाळेची गाडी सव्वाआठला येते. पतीने साडेसातला निघावयाचे ठरविले की न्याहारी आणि डबा सातला हवा, म्हणजे चूल, अर्थात गॅस, सहाला पेटावयास हवा. तो कोण पेटविते? पत्नीचा दिवस अर्धा तास अलीकडे सरकला; तिचा स्वतःचा प्रवास मात्र मुलाला गाडीत बसवून, साडेआठनंतर, ऐन गर्दीतच राहिला. केंद्र सरकारच्या २०२४ च्या कालविनियोग पाहणीत असे आढळले, की घरकामात भाग घेणाऱ्या स्त्रिया दिवसाचे सरासरी २८९ मिनिटे, तर घरकामात भाग घेणारे पुरुष ८८ मिनिटे त्यात घालवितात. लवकर निघण्याची किंमत कोणत्या खात्यातून जाते, हे या दोन आकड्यांवरून उघड आहे. एकाची गर्दी चुकते आणि दुसरीची झोप जाते. याला काटकसर म्हणता येणार नाही.

त्याच घरात दुसऱ्या रीतीनेही व्यवस्था लावता येईल. दोघांनी लवकर निघण्याची आवश्यकताच नाही. एकाने गर्दीच्या आधी निघावे, दुसऱ्याने मुलाला पोचवून गर्दी ओसरल्यावर. जो आधी गेला तो सायंकाळी आधी परतेल; मुलाला आणणे, भाजी, कुकर लावणे ही कामे त्याची. आठवड्याने पाळी बदलावी. भाजी रात्री चिरून ठेवणे आणि मुलाचे दप्तर झोपण्यापूर्वी भरणे, एवढ्याने सकाळची वीस मिनिटे सहज मोकळी होतात, आणि दप्तर भरणे हे काम सात वर्षांच्या मुलाला येते. राहता राहिल्या आजी. त्यांच्यावर सारा भार टाकून दोघांनी आठला बाहेर पडणे ही पद्धत रुळू पाहत आहे, ती आम्हांस मान्य नाही. त्या नातवासाठी आल्या आहेत, वेळापत्रकासाठी नव्हे. परक्या भाषेच्या शहरात त्यांनाही एखाद्या सकाळी देवळात किंवा बागेत जावेसे वाटत असते.

अर्थात ही अदलाबदल कचेरीने मान्य केली तरच शक्य आहे. येथे आपल्याकडे उलटाच प्रकार दिसतो. घरून काम करण्याची मुभा असलेल्या कंपन्याही आठवड्याच्या मधल्याच दिवशी सर्वांना एकदम बोलावितात. त्यामुळे बाह्य वर्तुळमार्गावर बुधवारी वाहनांची एवढी दाटी होऊ लागली, की २०२५ मध्ये वाहतूक पोलिसांनीच बुधवारी घरून काम करू द्यावे असे कंपन्यांना सुचविले. त्याच वर्षी फेब्रुवारीत मेट्रोचे भाडे वाढले, कमाल भाडे साठांवरून नव्वद रुपयांवर गेले. सोबत स्मार्ट कार्डधारकांना सकाळी आठपूर्वी आणि इतर मोकळ्या वेळी पाच टक्के जादा सवलत ठेवण्यात आली. नव्वद रुपयांवर ती साडेचार रुपये होते. साडेचार रुपयांसाठी कोणाचे घर तासभर आधी जागे होईल असे वाटत नाही. सिंगापूरने २०१३ साली शहराच्या मध्यभागातील स्थानकांवर पावणेआठपूर्वी उतरणाऱ्यांना संपूर्ण भाडे माफ केले होते, तेव्हादेखील काही उतारू पुढे सरकले, सगळे नव्हेत. ज्यांना कचेरीने वेळ बदलू दिली नाही ते कसे सरकणार?

या बाबतीत जपानचे उदाहरण पाहण्याजोगे आहे. तेथे गर्दी टक्क्यांत मोजतात. प्रत्येकाला आसन, कडी किंवा दांडा मिळाला की शंभर टक्के. वर्तमानपत्र घडी घालून कसेबसे वाचता येते तेव्हा एकशेऐंशी. हात हलविता येत नाही तेव्हा अडीचशे. (दोनशे टक्क्यांतही साप्ताहिक वाचता येते असे त्यांचे कोष्टक सांगते, ही आमच्या व्यवसायाला दिलासा देणारी गोष्ट होय.) टोकियोच्या प्रमुख मार्गांवर गर्दीच्या तासातील सरासरी १९७५ मध्ये २२१ टक्के होती, ती २०१९ मध्ये १६३ वर आली. ही किमया उतारूंना शहाणपण शिकवून झालेली नाही. दशकानुदशके नवे रूळ टाकले गेले, डबे आणि फेऱ्या वाढविल्या गेल्या, आणि त्याच्या जोडीला कामाच्या वेळा मागेपुढे करण्याचा आग्रहही धरला गेला.

महादेवपुऱ्यातील आपल्या मुलांना एवढी वर्षे थांबता येणार नाही. त्यांनी कचेरीकडे वेळेच्या बदलाची मागणी तोंडी न करता लेखी करावी. अनुभव असा, की लवकर येण्यास परवानगी सर्वत्र मिळते. येणारा साडेसातला निघून साडेआठला हजर होतो, आणि सायंकाळी सातपर्यंत कामाला जुंपलेला राहतो, म्हणजे परतताना पुन्हा त्याच गर्दीत सापडतो. म्हणून अर्जात येण्याच्या वेळेशेजारी निघण्याचीही वेळ घालावी, आणि मंजुरी येईल ती दोन्ही वेळांसह मागून घ्यावी.