ड्रेनेज लाइनलगतच्या वाढीव बांधकामासाठी स्पष्ट नियम व ठरावीक शुल्क लागू करण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. प्रधान सचिव,
नगरविकास विभाग, मंत्रालय, मुंबई

विषय : बैठ्या वसाहतींमधील सामायिक मलवाहिन्यांजवळ खोली वाढवताना लागणारी परवानगी, सुरक्षित अंतर आणि खर्च यांबाबत राज्यभर एकच कार्यपद्धती ठरवून मिळणे.

महोदय,

आम्ही सिडको आणि म्हाडाने वसवलेल्या बैठ्या वसाहतींमधले घरमालक आहोत. दोन खोल्या, एक मोरी आणि मागे थोडी मोकळी जागा असे घर ताब्यात आले, तेव्हा मुले लहान होती. आता त्याच दोन खोल्यांत सून आली, नातवंडे आली. मागे एक खोली काढण्यावाचून गत्यंतर नाही. पण ड्रेनेजची लाइन बहुतेक ठिकाणी त्याच मागच्या जागेतून जाते. एका घराच्या चेंबरमधून शेजाऱ्याच्या चेंबरमध्ये, ओळीतल्या सगळ्या घरांचे पाणी घेऊन.

महानगरपालिका अधिनियमाने आयुक्तांच्या लेखी परवानगीशिवाय मलवाहिनीवर बांधकाम करण्यास मनाई केली आहे. ती योग्यच आहे आणि ती उठवावी अशी आमची मागणी मुळीच नाही. मात्र ही लेखी परवानगी कोणाकडे, कोणत्या नमुन्यात आणि किती शुल्क भरून मागायची, हे सामान्य घरमालकाला कुठेही नीट कळत नाही. नगररचना विभाग मलनिस्सारण विभागाकडे बोट दाखवतो, तो विभाग 'आधी नकाशा मंजूर करून आणा' म्हणतो, आणि भाडेपट्ट्याच्या घरांना मूळ प्राधिकरणाचा ना-हरकत दाखला वेगळाच. पाइपपासून किती अंतर सोडायचे, याचे उत्तर तर अभियंत्यागणिक बदलते.

डिसेंबर २०२० मध्ये आलेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीने १५० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडांवरील मंजुरी पुष्कळ सोपी केली. त्याचे आम्ही स्वागत करतो. पण हे छोटे भूखंडच सामायिक लाइनवर दाटीने उभे आहेत, आणि छाननी जितकी कमी तितकी जमिनीखालच्या पाइपची विचारपूस कमी. नकाशावर ड्रेनेजची तुटक रेघ असते खरी, परंतु वसाहतीचा मूळ आराखडा हाती नसल्याने ती रेघ बऱ्याचदा चेंबरच्या झाकणांवरून अंदाजाने मारलेली असते.

चूक नेमकी कुठे होते, तेही सांगणे आवश्यक वाटते. गवंडी लाइनला लागूनच कॉलमचा खड्डा घेतो. पाया उथळ राहिला की भिंतीचा भार तिरपा पसरत पाइपवर येतो. काळ्या मातीत हे अधिकच घडते, कारण ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. जुन्या स्टोनवेअर पाइपचे सांधे उघडतात, मैलापाणी जमिनीत मुरते, माती वाहून पोकळी होते आणि काही वर्षांत नवी खोलीच खचू लागते. यावरचा उपाय अभियंत्यांना चांगला ठाऊक आहे : पाइपच्या तळापासून ४५ अंशांत वर काढलेल्या काल्पनिक रेषेच्या खाली पाया न्यायचा, लाइनवरची भिंत दोन्ही बाजूंच्या पायांवर बीम टाकून तोलायची, आणि खोलीखाली येणारा पाइप आधीच बदलून घ्यायचा. गवंड्याच्या अंदाजपत्रकात यातले काहीच नसते. लाइन तुंबल्यावर फरशी फोडायची वेळ येते, तेव्हाच हा खर्च घरमालकाला दिसतो.

चेंबर झाकले जाणे हा याहूनही गंभीर प्रश्न आहे. ज्या लाइनमध्ये माणूस उतरू शकत नाही तिच्यावर जास्तीत जास्त ३० मीटरवर चेंबर असावे, असे केंद्राची नियमपुस्तिका सांगते. मधले एखादे चेंबर स्वयंपाकघराच्या ओट्याखाली गेले की जेटिंग मशीनची नळी आत घालायला जागा उरत नाही. मग कोणाला तरी हाताने मैला काढायला बोलावले जाते. गटारातील धोकादायक सफाईला २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. अशा कामात मृत्यू झाल्यास कुटुंबाला ३० लाख रुपये भरपाई द्यावी, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २० ऑक्टोबर २०२३ रोजी दिला. बांधकाम मंजूर करतानाच चेंबर मोकळे राहील हे पाहिले, तर ही वेळ येणार नाही. आमच्या या निवेदनात घरमालकांची सोय आहे, हे आम्ही नाकारत नाही. पण एवढा एक मुद्दा घरमालकांच्या सोयीपुरता नाही.

पैशांबाबत. विकास शुल्क रेडी रेकनरच्या दरावर आकारले जाते, निवासी बांधकामाला २ टक्के. त्या पावतीचा खालच्या पाइपच्या तपासणीशी काही संबंध नसतो. विनापरवाना बांधले तर मालमत्ताकराच्या दुप्पट शास्ती लागते. छोट्या घरांना त्यात सवलती मिळाल्या, पण शास्ती भरल्याने बांधकाम नियमित होत नाही आणि पाइपही सुरक्षित होत नाही. रीतसर जाणाऱ्याला एकूण खर्च आधी सांगता येत नाही, न जाणाऱ्याला तो नंतर कळतो, आणि म्हणूनच बरेच जण दुसरा मार्ग धरतात.

यावर तोडगा अवघड नाही. इंग्लंडमध्ये सार्वजनिक मलवाहिनीपासून ३ मीटरच्या आत बांधायचे असल्यास मलनिस्सारण कंपनीची संमती आधी घ्यावी लागते आणि तिचे शुल्क कंपनी जाहीर करते. शिवाय १ ऑक्टोबर २०११ रोजी तिथल्या अनेक घरांच्या सामायिक खासगी लाइनी कंपन्यांकडे वर्ग झाल्या, त्यामुळे पाइप कोणाचा हा शेजाऱ्याशेजाऱ्यांतला वाद बराच मिटला. आपल्याकडे मागच्या लाइनची मालकीच स्पष्ट नसते. तुंबली की पालिका म्हणते खासगी, आणि तिच्यावर बांधले की तीच सार्वजनिक ठरते.

म्हणून आमची मुख्य मागणी अशी की, महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम १५४ खाली शासनाने सर्व नियोजन प्राधिकरणांना निर्देश द्यावेत आणि त्यांत मलवाहिनीपासूनचे किमान अंतर पाइपचा व्यास व खोली यांनुसार ठरवून द्यावे. त्या अंतराच्या आत बांधायचे असेल, तर बांधकामापूर्वी व नंतर कॅमेऱ्याने लाइनची पाहणी, पायाचा तपशील आणि चेंबर उघडे राखण्याची अट घालून एकाच अर्जावर परवानगी मिळावी. अर्ज नगररचना विभागानेच मलनिस्सारण विभागाकडे पाठवावा, नागरिकाला फाइल घेऊन फिरवू नये. जोता तपासणीच्या वेळी मलनिस्सारणाचा अभियंता जागेवर हजर असावा.

पाहणीचे शुल्क पालिकेने जाहीर करावे आणि अल्प उत्पन्न गटातील घरांसाठी ते सवलतीचे असावे. घरमालकाच्या बांधकामामुळे लाइन वळवावी लागली तर तो खर्च त्याने द्यावा, हे आम्हाला मान्य आहे. परंतु पाइप आधीच जीर्ण असेल, तर तो बदलण्याचा भार केवळ पहिली खोली बांधणाऱ्यावर टाकू नये.

दोनपेक्षा अधिक घरांचे पाणी वाहून नेणाऱ्या मागच्या लाइनी पालिकेच्या ताब्यात घ्याव्यात. वसाहतींचे मूळ ड्रेनेज आराखडे सिडको व म्हाडाकडून मागवून, जागेवर तपासून, प्रभाग कार्यालयात पाहण्यासाठी ठेवावेत.

आधीच झालेल्या बांधकामांबाबत सरसकट पाडापाडीच्या नोटिसा काढू नयेत. चेंबर मोकळे करून देणाऱ्यास आणि लाइनला धोका नसल्याचा अहवाल सादर करणाऱ्यास मुदत मिळावी. जो देणार नाही, त्याच्यावर कारवाई करण्यास आमची हरकत नाही.

या विषयावर मलनिस्सारण अभियंते, नगररचनाकार, सफाई कामगारांचे प्रतिनिधी आणि रहिवासी यांची एकत्रित बैठक पावसाळ्यापूर्वी बोलवावी, ही विनंती.

आपले विश्वासू,
बैठ्या वसाहतींमधील घरमालक व रहिवासी

सोबत : सह्यांची यादी, ओळीनुसार चेंबरच्या जागा दाखवणारे हस्तलिखित नकाशे.

प्रत माहितीसाठी : मा. आयुक्त, संबंधित महानगरपालिका.